घरून फोन आला की

आमच्या पूल हॉलमध्ये एक नियम आहे, तो भिंतीवर लिहिलेला नाही. लिहिलेले नियम वेगळे आहेत: बॉल हवेत उडवायचा नाही, टेबलाच्या कडेवर बसायचं नाही, खडू खिशात घालून घरी न्यायचा नाही. ते कुणी पाळत नाही. न लिहिलेला मात्र सगळे पाळतात. खेळणाऱ्याला घरून फोन आला की त्याने हातातला क्यू, म्हणजे आमची खेळायची काठी, डोक्याच्या वर सरळ उभा धरायचा. तेवढं पुरतं. सगळी टेबलं जागच्या जागी थांबतात. नेम धरलेला माणूस नेम सोडून सरळ होतो, काउंटरवरचा जस्सी गाणं बंद करतो, कोल्ड्रिंकचं झाकण काढायला घेतलेला हात तसाच राहतो. आणि त्या शांततेत तो खेळाडू फोन कानाला लावून सांगतो, "हां मम्मी, लायब्ररी में हूँ."

ती शांतता ऐकण्यासारखी असते. क्षणापूर्वी 'तुझी बाही बॉलला लागली', 'नाही लागली' करत एकमेकांच्या अंगावर गेलेले दोघे शेजारी शेजारी श्वास रोखून उभे असतात. खऱ्या लायब्ररीत निदान कुणी खोकतं, कुणी खुर्ची सरकवतं. आमच्याकडे तेवढंही नाही. "ठीक है मम्मी, रखता हूँ" झालं, क्यू खाली आला, की बाहीचं भांडण जिथे थांबलं होतं तिथून पुढे चालू.

हा नियम मी केलेला नाही. पण चंदीगडच्या एका सेक्टर मार्केटमधलं हे तळघर मी चालवतो, दिवे माझे आहेत, पंखे माझे आहेत, आणि प्रत्येक वेळी मीही हाताची घडी घालून गप्प उभा राहत आलो आहे. याची टोचणी मला कायम होती. मी स्वभावानेच तसा आहे. रस्त्यात दुसऱ्याचा धक्का मला लागला तरी 'सॉरी' मीच म्हणतो. माझी बायको सुषमा म्हणते, तुम्हाला अपराधी वाटायला अपराधाची गरज लागत नाही. या बाबतीत मात्र अपराध होता, आणि तो त्या पोरांपेक्षा माझा मोठा होता. त्याकडे येतोच.

या अंकाच्या संपादकबाईंनी विचारलं होतं, की पूल इतका देखणा खेळ, मग तो लोकांचा का होत नाही? क्रिकेट गल्लीत आहे, कबड्डी टीव्हीवर आहे, तुमचा खेळ आहे कुठे? मी तो प्रश्न हॉलमध्येच टाकला. आमचे एक वकीलसाहेब आहेत. हायकोर्टात काम संपलं की गळ्यातली पांढरी पट्टी गाडीतच काढून ठेवतात आणि आमच्या पायऱ्या उतरतात. ते म्हणाले, "पसीना नहीं आता जी. जिस खेल में पसीना न आए, उसे हमारे यहाँ खेल नहीं, शौक कहते हैं. और शौक तो बुरा ही होता है." ओंकार म्हणून लातूरचा एक मुलगा आहे, चंदीगडबाहेर खरड गावाच्या पुढे कॉलेजात शिकतो आणि तिथेच पीजीमध्ये राहतो. त्याचं म्हणणं, "काका, टीव्हीवर बघवत नाही हो. दोघं टेबलाभोवती हिंडतात, विचार करतात, परत हिंडतात. आमच्या मेसची रांग जास्त थरारक असते यार." जस्सी हॉलचा सगळा कारभार बघतो आणि कमी बोलतो. तो टेबलावर ब्रश फिरवत म्हणाला, "पाजी, गली में खेल के दिखाओ," आणि विषय संपला.

तिघांचंही खरं आहे. जस्सीचं सगळ्यात जास्त. टेबलाच्या कापडाखाली लाकूड असतं असं लोकांना वाटतं. लाकूड नसतं, दगड असतो. लहानपणी ज्या पाटीवर आपण बाराखडी गिरवली त्याच जातीचा दगड, तीन लाद्यांमध्ये. त्या लाद्या एकमेकींना भिडवायच्या, सांधे मेणाने भरायचे, वर गवंड्याकडे असते तशी लेव्हल ठेवून टेबलाचा एकेक पाय खालीवर करत बसायचं. मग कापड ताणायचं. ते ताणताना एका बाजूला हात जरा सैल पडला तर पुढे वर्षभर त्या कोपऱ्यात बॉल वाकडा चालतो आणि हरलेला प्रत्येक जण तुम्हाला ऐकवतो. अशी वस्तू गल्लीत येत नाही. कॅरमचा बोर्ड कपाटामागे सरकवता येतो, म्हणून कॅरम घराघरांत आहे. स्नूकरचं टेबल तर पूलपेक्षाही मोठं, पण स्नूकरला जाकीट घालून खेळणारे साहेब मिळाले. कॅरमला घर मिळालं, स्नूकरला क्लब मिळाला, पूलला तळघर मिळालं.

शिवाय तळघरागणिक नियम वेगळे. खेळ तसा सोपा: सात साधे बॉल एकाचे, सात पट्ट्यांचे दुसऱ्याचे, आपले सगळे टेबलाच्या कडेच्या भोकांत, म्हणजे पॉकेटात, घालून झाले की शेवटी काळा. पण पहिल्याच फटक्यात, ज्याला ब्रेक म्हणतात, काळा पडला तर काय? खरडच्या एका हॉलमध्ये तुम्ही जिंकता, झिरकपूरला हरता, आमच्याकडे बॉल पुन्हा रचतात. दोन अनोळखी माणसं क्रिकेट लगेच खेळू शकतात. पूल खेळण्याआधी त्यांना वाटाघाटी कराव्या लागतात. आणि सगळीकडे एक रिवाज मात्र सारखा, की हरेल त्याने टेबलाचं भाडं भरायचं. नवशिका रोज हरतो, रोज भरतो, आणि एक दिवस यायचा बंद होतो. हा रिवाज मी मोडायला हवा होता. नाही मोडला.

पण मला विचाराल तर खरं कारण तो वर धरलेला क्यू आहे. क्रिकेट खेळून आलेलं पोरगं खांद्यावर बॅट घेऊन, गुडघा फोडून, बुटांची माती दारात सांडत घरी येतं. आई ओरडते, पण तिला कळतं. शेजारणीला कळतं. धाकट्या भावाला बॅट हातात घेऊन बघावीशी वाटते. खेळ असा पसरतो. पूलचा खेळाडू घरी काहीच नेत नाही. क्यू हॉलच्या स्टँडवर राहतो. बोटांना निळ्या खडूची पूड लागते, तीसुद्धा निघताना धुऊन जातो. आमचं बेसिन कायम निळसर असतं, जस्सी कितीही घासू दे. ज्या खेळाबद्दल घरी एक शब्द बोललं जात नाही, तो लोकांचा कसा होणार?

काउंटरच्या मागे एक फळी आहे. तिच्यावर मुलांनी इकडच्या तिकडच्या स्पर्धांत जिंकलेले चषक आहेत. हॉलची शोभा म्हणून ते ठेवलेत असं नव्या माणसाला वाटतं. ते ठेवलेत कारण ते घरी नेता येत नाहीत. सगळ्यात मोठा चषक गुरलीनचा. मोहालीची मुलगी, कॉलेजच्या शेवटच्या वर्षाला. मुलींच्या स्पर्धेत पहिली आली, त्या दिवशी चषक छातीशी धरून पायऱ्या उतरत आली आणि मला म्हणाली, "अंकल जी, इसको आप रख लो. घर पे पूछेंगे लायब्ररी ने क्यों दिया." सगळे हसले, तीही हसली. मी फळीवर जागा करून दिली. त्या रात्री मला जेवण गेलं नाही. एवढा मोठा चषक घरी न दाखवणारं पोर मी तोवर पाहिलं नव्हतं, आणि तिची अडचण सोडवल्याबद्दल ती माझे आभार मानून गेली होती.

आता माझं.

मी बार्शीचा. वडील, आम्ही त्यांना आप्पा म्हणतो, तिथल्या शाळेत क्रीडाशिक्षक होते. खो-खो त्यांचा जीव की प्राण. उन्हातान्हात मैदानावर उभं राहून त्यांनी शेकड्यांनी पोरं पळवली. त्यांच्या लेखी जगात दोनच प्रकारची माणसं: घाम गाळणारी आणि उरलेली. मी लहानपणापासून उरलेल्यांत. धाप लागायची, खांब गाठायच्या आत बाद व्हायचो. आप्पा कधी रागावले नाहीत. शिट्टी वाजवून नुसतं "बस" म्हणायचे, आणि ते रागावण्यापेक्षा वाईट होतं.

पुढे बिलियर्ड-पूलची टेबलं बनवणाऱ्या एका कारखान्याचा विक्रेता म्हणून मी चंदीगडला आलो. एका हॉटेलने मागवलेलं टेबल ऐनवेळी नाकारलं, ते परत नेण्यापेक्षा मी ठेवून घेतलं, तळघर भाड्याने घेतलं आणि नोकरी सोडली. हे आप्पांना कसं सांगायचं? फोनवर मी म्हणालो, "स्पोर्ट्स सेंटर काढतोय." शब्द खोटा नव्हता. पण आप्पांच्या डोळ्यांपुढे जाळी आली, कोर्ट आलं, रांगेत उभी पोरं आली, हे मला त्यांच्या आवाजावरून कळलं, आणि मी ते तसंच राहू दिलं. आठवडाभरात पार्सल आलं. आत त्यांची शिट्टी होती, पितळेची, दोरीसकट. सोबत निरोप: सेंटरला उपयोगी पडेल.

ती शिट्टी मी काउंटरच्या ड्रॉवरमध्ये ठेवली. आप्पा दर रविवारी दुपारी फोन करायचे. हॉलमध्ये सगळ्यात गर्दीचा वार तोच. फोनवर 'आप्पा' दिसलं की पन्नाशीला आलेला, हॉलचा मालक असलेला मी हात वर करायचो, आणि माझीच गिऱ्हाइकं माझ्यासाठी गप्प व्हायची. "पोरं येतात का?" "येतात की, आप्पा." "पळायला लावतोस ना आधी? अंग गरम झाल्याशिवाय खेळू देऊ नको." "हो आप्पा." सुषमाला हे मुळीच पसंत नव्हतं. ती म्हणायची, "एकदा सांगून टाका, ते काय छड्या मारणार आहेत?" मला छडीची भीती नव्हती. मला ते "बस" ऐकायचं नव्हतं.

आई गेल्यानंतर आप्पा धाकट्या भावाकडे बार्शीतच राहिले. किती बोलावलं तरी इकडे यायचे नाहीत, थंडी सोसत नाही म्हणायचे. आणि या वर्षी त्यांनी स्वतःहून सांगितलं, की येतोय, महिनाभर राहीन म्हणतो. सुषमाला आनंद झाला. माझी झोप उडाली.

आल्या दिवसापासून ते सेंटर बघायचं म्हणत होते. मी आज दुरुस्ती आहे, आज वीज नाही, असं काहीबाही सांगत होतो. झिरकपूरच्या आमच्या फ्लॅटच्या गॅलरीतून ते एअरपोर्ट रोडवरची गाड्यांची रांग बघत बसायचे. एका सकाळी मी चहा घेत होतो, सुषमा आत होती. आप्पा पाठमोरेच म्हणाले, "सुधीर, एक विचारू का? धंदा बुडालाय का रं?"

का, म्हणून विचारलं.

"दर रविवारी फोन करतो तुला. सुट्टीचा दिवस. खेळाच्या जागी रविवारी कसा कालवा पाहिजे. तुझ्या मागं चिटपाखरू नसतं. मी जन्म मैदानावर काढलाय, नुसत्या आवाजावरनं सांगतो किती पोरं खेळत्यात. तुझ्याकडं एक पोरगं नसतं." मग वळून त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तू 'येतात की' म्हणतोस, ते मला बरं वाटावं म्हणून, हे कळतं मला. धाकट्याला सांगितलं नाही मी. म्हटलं स्वतः जाऊन बघावं."

म्हणजे इतकी वर्षं दर रविवारी, मी हात वर करून जी शांतता करत होतो, ती पलीकडे बार्शीत एक म्हातारा माणूस जीव मुठीत धरून ऐकत होता. रिकाम्या हॉलमध्ये एकटा बसलेला मुलगा त्याला दिसत होता, आणि तो बिचारा मला लाज वाटू नये म्हणून पोरांना पळायला लाव असं सांगून फोन ठेवत होता. मी कप खाली ठेवला आणि म्हणालो, "चला आप्पा. आत्ता दाखवतो."

रविवारच होता. झिरकपूरच्या चौकात नेहमीप्रमाणे गाड्या अडकल्या होत्या. मार्केटमध्ये गाडी लावली, तळघराचा दरवाजा दाखवला. आप्पांनी कठडा धरला. "खेळ जमिनीखाली?" म्हणाले. दोन-चार पायऱ्या उतरले आणि थांबले. खालून आवाज येत होता: बॉलवर बॉल आपटल्याचे टणत्कार, जस्सीचं गाणं, वकीलसाहेबांचा चढलेला सूर, पोरांचं हसणं. आप्पा मान तिरकी करून ऐकत राहिले. मग त्यांच्या तोंडून एवढंच आलं, "वीस-पंचवीस तरी असतील." त्यांचा खांदा माझ्या हाताखाली सैल झालेला मला जाणवला.

आत आल्यावर त्यांनी सगळं बघून घेतलं. टेबलं, टेबलांवर वाकलेली मुलं, भिंतीवरचे न पाळले जाणारे नियम, फळीवरचे चषक. जाळी नव्हती, कोर्ट नव्हतं. मी तोंड उघडणार इतक्यात कोपऱ्यातल्या टेबलावर ओंकारचा फोन वाजला. त्याने स्क्रीन बघितला आणि क्यू वर धरला.

हॉल थांबला. गाणं थांबलं. वकीलसाहेब अर्धवट वाकलेले तसेच राहिले. त्या शांततेत ओंकार अगदी गोड आवाजात म्हणाला, "हो आई, क्लासमध्येच आहे. सर आलेत गं, ठेवतो."

क्यू खाली आला आणि कालवा सुरू झाला. आप्पा माझ्याकडे वळले. "हाच," ते म्हणाले. "रविवारचा आवाज. हाच."

मग मी सगळं सांगितलं. तिथेच, काउंटरपाशी उभ्या उभ्या, गर्दीत. स्पोर्ट्स सेंटर म्हणजे काय, हात वर करणं म्हणजे काय, हे चषक इथे का आहेत, सगळं. ड्रॉवर उघडून शिट्टी काढली आणि त्यांच्यासमोर ठेवली. जस्सी उगाचच आधीच पुसलेला फ्रीज पुसत होता. आप्पांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं. मग ओंकारकडे बोट करून म्हणाले, "म्हंजे मी त्या पोराच्या आईच्या जागी."

"हो, आप्पा."

"आणि धंदा?"

"धंदा चांगला चाललाय, आप्पा."

त्यांनी खुर्ची ओढली, बसले, चष्मा काढून रुमालाने पुसला, बराच वेळ पुसला. "गाढवा," ते म्हणाले, "मी तिकडं नवस बोलून बसलोय." एवढंच. "बस" नाही म्हणाले. पन्नास वर्षांच्या माणसाला बापाने भरल्या दुकानात गाढव म्हटलं आणि त्याला हलकं वाटलं, असं दुसरीकडे कुठे घडत असेल का, मला माहीत नाही.

याचा अर्थ त्यांनी पूलला खेळ म्हणून मान्यता दिली असा कुणी घेऊ नये. ते तासभर बघत बसले आणि एकेक खोट काढत राहिले. उभं राहणं चुकीचं, पाय जवळ, श्वास रोखून धरतात, पाठीला पोक येणार. गुरलीनचा ब्रेक बघून त्यांनी तिला बोलावलं आणि तोडक्यामोडक्या हिंदीत सांगितलं की बेटा, तू खांद्यातून मारतेस, कोपरातून मार, ताकद वाचेल. ती आधी चकित झाली, मग करून बघितलं, मग पुन्हा. आणि मध्येच वकीलसाहेबांच्या टेबलावर रोजचं भांडण पेटलं. बाही बॉलला लागली, नाही लागली. हॉलमध्ये अचानक शिट्टी वाजली. अशी, की वरच्या दुकानात ऐकू गेली असेल.

"बाद," आप्पा म्हणाले. "हात लागला. मी बघितलं."

वकीलसाहेबांना मराठी येत नाही, पण ते कळलं. कुणाचं ऐकून घ्यायची त्यांना सवय नाही. त्यांनी आप्पांकडे बघितलं, शिट्टीकडे बघितलं, आणि क्यू दुसऱ्याच्या हातात दिला. "ठीक है, बाऊजी." आप्पा मला म्हणाले, "पंच कुठाय तुमचा? पंच नाही तिथं खेळ नसतो, नुसतं भांडण असतं. म्हणून कोण बघायला येत नाही." संपादकबाईंच्या प्रश्नाला माझ्या लांबलचक उत्तराइतकंच हेही उत्तर खरं असावं.

निघायच्या आधी त्यांना एकदा मारून बघायचं होतं. पहिल्या टेबलाला नुकतंच नवं कापड घातलं होतं. दुसऱ्या कुणा नवशिक्याला मी त्याच्या जवळ उभं केलं नसतं. आप्पांना नाही कसं म्हणणार? त्यांनी पाय रोवले, कमरेत वाकले, सगळ्यांना सांगितलेलं स्वतः विसरून खांद्यातून जोर लावला, आणि क्यू बॉलच्या खालून कापडात घुसला. फाटल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. ही मात्र नियमाशिवाय झालेली शांतता होती. आप्पा त्या फाटक्या कापडाकडे बघत राहिले, शाळेतल्या पोरासारखे. जस्सीने मान फिरवली, त्याचे खांदे हलत होते.

"सुषमाला सांगू नको," आप्पा हळूच म्हणाले.

नेमका त्यांच्या खिशातला फोन वाजला. सुषमाचाच होता, जेवायला कधी येताय म्हणून. पोरांनी एव्हाना त्यांना आपलं मानलं होतं. त्यांचा हात खिशात गेलेला बघताच, क्यू वर न होताच, सगळा हॉल थांबला. आप्पांनी सगळीकडे नजर फिरवली. सगळे त्यांच्याकडे बघत होते. "कुठं म्हंजे? सुधीरकडं," ते फोनमध्ये म्हणाले. "चांगली पोरं आहेत. गर्दी आहे. आवाज येत नाही, कारण सगळी थांबलीत माझ्यासाठी. येतो थोड्या वेळानं." कापडाचं मात्र बोलले नाहीत. मीही आजवर बोललेलो नाही. हा अंक सुषमाच्या हाती पडला की कळेल.

महिनाभर ते रोज यायचे. गुरलीनने त्यांना 'दादाजी' करून टाकलं. एके दिवशी तिने फळीवरचा आपला चषक उतरवला, पिशवीत घातला आणि घेऊन गेली. दुसऱ्या दिवशी मी काही विचारायच्या आत म्हणाली, की मम्मी खूप चिडली, पण खेळावर नाही, लायब्ररीवर. फळीवरच्या धुळीत चषकाच्या बुडाचा गोल अजून दिसतो. जस्सीला तो पुसू नको म्हणून सांगितलंय. ओंकारने मात्र अजून घरी सांगितलेलं नाही, आणि वकीलसाहेबांचा क्यू तर बायकोच्या फोनला आजही वर जातो. मी कुणाला उपदेश करत नाही. माझी ती लायकी नाही. फक्त हरेल त्याने भाडं भरायचं हा रिवाज बंद केला, दोघांनी निम्मं निम्मं द्यायचं असं ठरवलं. आप्पांची शिट्टी आता ड्रॉवरमध्ये नाही, काउंटरवर टांगलेली आहे.

ते बार्शीला परत गेले, त्यानंतरच्या पहिल्या रविवारी दुपारी फोन वाजला. मी हात वर केला नव्हता. पण जस्सीने स्क्रीनवर 'आप्पा' वाचलं आणि सवयीने गाणं बंद केलं, ते बघून टेबलं थांबली. मी सगळ्यांना खुणेने सांगत होतो, की खेळा, खेळा, पण कुणी हलेना. आप्पा पलीकडून "हॅलो, हॅलो" करत होते. शेवटी मी फोन स्पीकरवर टाकला आणि मोठ्याने म्हणालो, "गुरलीन, मार."

तिने बॉल रचलेलेच होते. वाकली आणि मारलं. पंधराच्या पंधरा बॉल टेबलभर उधळले, भिंतींना आवाज आपटला, दोन कुठेतरी पॉकेटात पडले.

मग आप्पांचा आवाज आला.

"खांद्यातनं मारलंय. तिला म्हणावं, कोपरातनं."

मी गुरलीनला तसं सांगितलं. तिने बॉल रचायचा त्रिकोणी साचा घेतला आणि बॉल पुन्हा रचायला लागली.